जुनी फॉरमॅटिंग लायब्ररी काढायची, बदलायची की सांभाळायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचं उत्पादन सी भाषेत आहे आणि ते लिनक्सवर, विंडोजवर आणि ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या एका छोट्या कंट्रोलर कार्डावर चालतं. सोर्समध्ये दोन फाइलींची एक जुनी स्ट्रिंग फॉरमॅटिंग लायब्ररी पडून आहे, म्हणजे आकडे आणि शब्द ठरलेल्या साच्यात बसवून मजकूर तयार करणाऱ्या सी भाषेच्या एसएनप्रिंटएफ या फंक्शनचा स्वतःचा अवतार. ती आणणारा सहकारी नोकरी सोडून गेला, मूळ प्रकल्पात वर्षानुवर्षं हालचाल नाही, आणि आता ती तुमच्या गळ्यात आली आहे. वरिष्ठ म्हणतात, आता सगळीकडे एसएनप्रिंटएफ मिळतं, काढून टाका. टीममधले एकजण म्हणतात, एखादी नवी लायब्ररी घेऊ. यातलं बरोबर कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

मी २००६ पासून अशीच एक लायब्ररी सांभाळते आहे. आज ती पाच प्लॅटफॉर्मवर चालते. या काळात मी तिच्यातला बराच कोड बदलला आणि काही भाग काढून टाकला. दोन वेळा ती पूर्ण काढायला निघाले होते, दोन्ही वेळा परत फिरले. त्या अनुभवावरून सांगते: लायब्ररी कोणती हा प्रश्न नंतरचा आहे. तुमची खरी अडचण अशी, की या लायब्ररीतून बाहेर पडणाऱ्या अक्षरांवर कोण कोण विसंबून आहे हे आज टीममध्ये कुणालाच माहीत नाही. ते कळेपर्यंत तिन्ही पर्याय सारखेच धोक्याचे आहेत.

(खाली फॉरमॅटची अक्षरं मी देवनागरीत लिहिते आहे. पूर्णांकासाठीचं %डी, मजकुरासाठीचं %एस, दशांशासाठीचं %एफ वगैरे वाचताना रोमन अक्षर डोळ्यांसमोर आणा.)

अशा लायब्ररी मुळात का जन्माला आल्या ते आधी पाहू, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. जुन्या स्प्रिंटएफला बफर, म्हणजे मजकूर लिहायला दिलेली मेमरीतली जागा, किती मोठा आहे हे कळतच नसे. लांबीची मर्यादा घेणारं एसएनप्रिंटएफ ४.४बीएसडीमध्ये आलं, पण सी भाषेच्या स्टँडर्डमध्ये यायला १९९९ उजाडलं. मधल्या वर्षांत ज्यांना एकच प्रोग्रॅम दहा प्रकारच्या युनिक्सवर चालवायचा होता त्यांनी आपापली सोय केली. पॅट्रिक पॉवेल यांनी १९९५ मध्ये लिहिलेली छोटी आवृत्ती हातोहात फिरत मट हा ईमेल प्रोग्रॅम आणि सांबा हा फाइल-शेअरिंगचा प्रोग्रॅम अशा प्रकल्पांत पोचली आणि प्रत्येकाने तिच्यात आपली भर घातली. ट्रिओ नावाची लायब्ररी आली, ती एक्सएमएल वाचणाऱ्या लिबएक्सएमएल२ने बरीच वर्षं आपल्या सोर्समध्ये बाळगली. नेटवर्कवरून डेटा आणणाऱ्या कर्लचं स्वतःचं एमप्रिंटएफ आहे. तुमच्या फाइलीच्या सुरुवातीची कॉमेंट नीट वाचा. तिथे बहुधा नावांची आणि सालांची साखळी दिसेल. ती तुमच्या लायब्ररीची कुळी आहे. मूळ आवृत्ती मिळवा आणि तुमच्या प्रतीशी फरक काढा. जे बदल फक्त तुमच्याच प्रतीत आहेत ते कुणीतरी काही कारणाने केलेले आहेत, आणि ते कारण शोधणं हे तुमचं पहिलं काम. लायसन्सचा मजकूरही त्याच वेळी वाचून घ्या.

आता सगळ्यात मोठा खड्डा, रिटर्न व्हॅल्यू. मजकूर बफरमध्ये मावला नाही तर फंक्शन काय परत करतं? आज स्टँडर्डचं उत्तर स्पष्ट आहे: जागा असती तर जेवढी अक्षरं लिहिली गेली असती तो आकडा, मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट न धरता. पण जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी, २.०.६ या आवृत्तीपर्यंत अशा वेळी -१ परत करत असे, २.१ पासून ती स्टँडर्डप्रमाणे वागू लागली. १९९७ च्या सिंगल युनिक्स स्पेसिफिकेशनमध्ये तर बफरचा आकार शून्य दिला असता एकापेक्षा लहान असं कुठलंही मूल्य परत करण्याची मुभा होती. मायक्रोसॉफ्टचं अंडरस्कोअरने सुरू होणारं जुनं फंक्शन आणखी वेगळं आहे. मजकूर मोठा असेल तर ते ऋण आकडा देतं आणि शेवटी शून्य बाइटही लिहीत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ मध्ये अंडरस्कोअर नसलेलं, स्टँडर्डप्रमाणे वागणारं फंक्शन आलं, पण अंडरस्कोअरवालं आजही जुन्याच पद्धतीने वागतं.

तुमची लायब्ररी यापैकी कोणत्या काळातली आहे त्यावर तुमचा बाकीचा कोड उभा आहे. समजा ती -१ देते. तर कुणीतरी कुठेतरी असं लिहिलं असेल: उत्तर ऋण आलं तर बफर दुप्पट कर आणि पुन्हा प्रयत्न कर. आता तिच्या जागी सिस्टिमचं एसएनप्रिंटएफ बसवलंत की मजकूर मावला नाही एवढ्यावरून उत्तर ऋण येणार नाही. २५६ बाइटांच्या बफरसाठी ५००० आकडा येईल, लूपला वाटेल सगळं ठीक झालं, आणि अर्धा मजकूर गुपचूप पुढे जाईल. याहून वाईट म्हणजे जिथे एकामागून एक तुकडे जोडण्यासाठी परत आलेला आकडा थेट पॉइंटरमध्ये मिळवला जातो ती जागा. जुन्या लायब्ररीने लिहिलेल्या अक्षरांचाच आकडा दिला असेल तर तो कोड वीस वर्षं बिनघोर चालला असेल. नव्या फंक्शनबरोबर तोच पॉइंटर बफरच्या कितीतरी पलीकडे जाऊन पडेल आणि पुढचा तुकडा दुसऱ्याच्या मेमरीत लिहिला जाईल. मी पहिल्यांदा लायब्ररी काढायला निघाले तेव्हा याच ठिकाणी थांबले. आमच्याकडे अशा अकरा जागा निघाल्या आणि त्यातल्या दोन नेटवर्कवरून आलेल्या मजकुरावर चालत होत्या.

म्हणून काहीही बदलण्याआधी, रिटर्न व्हॅल्यू वापरणारी प्रत्येक जागा शोधून काढा. ज्या जागा ती दुर्लक्षितात त्या तूर्त बाजूला ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे पण मोजता येण्यासारखं आहे, आणि ते झाल्यावर तुमच्या हातात वरिष्ठांना दाखवायला एक खरा आकडा असतो.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते. बाहेर पडणारा मजकूर फक्त माणूस वाचत असेल, म्हणजे लॉगमध्ये किंवा स्क्रीनवर जात असेल, तर थोडाफार फरक पडल्याने कुणाचं नुकसान होत नाही. लायब्ररी काढणं तिथे तुलनेने सोपं. तोच मजकूर फाइलीत साठवला जात असेल, दुसरा प्रोग्रॅम वाचत असेल, त्याचा चेकसम काढला जात असेल किंवा कालच्या अहवालाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिला जात असेल, तर प्रत्येक रिकामी जागा हा करार आहे. आणि कार्डाचं गणितच निराळं. तिथल्या छोट्या सी लायब्ररीत पूर्ण प्रिंटएफ असेलच असं नाही. अशा कार्डांसाठीच्या न्यूलिब-नॅनो लायब्ररीमध्ये दशांश आकडे छापण्याची सोय मुळात बंद असते, लिंकरला वेगळं सांगून ती चालू करावी लागते आणि त्याने प्रोग्रॅमचा आकार वाढतो. कार्डावर तुम्ही दशांश छापता का, हे मला माहीत नाही. छापत नसाल तर तिथला प्रश्न बराच हलका होतो.

करार ओळखायचा कसा? मी एक तक्ता करते. प्रत्येक ओळीत फॉरमॅट स्ट्रिंग (फंक्शनला दिलेला साचा), दिलेलं मूल्य आणि आज लायब्ररी देते ते उत्तर, चूक असलं तरी जसंच्या तसं. आधी सोर्समधल्या सगळ्या फॉरमॅट स्ट्रिंग गोळा करायच्या. मोठ्या वाटणाऱ्या प्रोजेक्टमध्येही वेगवेगळी फॉरमॅट शे-दोनशेच्या पुढे क्वचित जातात. मग त्यात कोपऱ्यातल्या केसेस घालायच्या. शून्य हे मूल्य %.०डीने छापलं तर काहीच छापलं जाऊ नये. शून्य %#एक्सने छापलं तर पुढे ०एक्स येऊ नये. पूर्णांकाला प्रिसिजन (टिंबानंतरचा आकडा, इथे किमान किती अंक) दिलं असेल तर शून्याने भरण्याचा फ्लॅग दुर्लक्षित व्हायला हवा, म्हणजे %०५.३डीने ७ छापला की दोन रिकाम्या जागा आणि ००७. रुंदी तारांकनातून, म्हणजे वेगळं मूल्य म्हणून, आली आणि ऋण निघाली तर मजकूर डावीकडे सरकायला हवा. -२१४७४८३६४८ हा आकडा नक्की घाला, कारण जुन्या कोडमध्ये आधी चिन्ह उलटवून मग अंक काढायची पद्धत असते आणि बत्तीस बिटांच्या पूर्णांकात हा एक आकडा उलटत नाही.

तोच तक्ता जीलिबसीवर, मसल या लिनक्सच्या दुसऱ्या छोट्या सी लायब्ररीवर आणि विंडोजच्या सध्याच्या रनटाइमवर, म्हणजे तिथल्या सी लायब्ररीवर, चालवा. जिथे फरक दिसेल ती ओळ तीनपैकी एका ढिगात जाते. पहिला ढीग: स्टँडर्ड स्पष्ट आहे आणि आपण चुकतोय. दुसरा: स्टँडर्डने मोकळीक ठेवली आहे. पॉइंटर छापणारं %पी याचं उत्तम उदाहरण. रिकामा पॉइंटर जीलिबसीवर कंसात निल असा छापला जातो, विंडोजवर शून्यांची पूर्ण रांग येते, आणि दोघंही बरोबर आहेत. %एसला रिकामा पॉइंटर देणं हे तर स्टँडर्डच्या बाहेरचंच आहे. बऱ्याच जुन्या लायब्ररी तिथे कंसात नल छापून वेळ मारून नेतात, म्हणून तुमच्या कोडमध्ये अशा किती जागा आहेत हे कधी उघडच झालेलं नसेल. तिसरा ढीग: आपणच घातलेली जास्तीची अक्षरं. पहिला ढीग दुरुस्त करायचा, दुसऱ्यात आजचं वागणं तसंच ठेवायचं, तिसऱ्याबद्दल पुढे सांगते.

दशांश आकड्यांवर मात्र थोडं थांबायला हवं. माझे सगळ्यात जास्त दिवस तिथेच गेले. ०.१ हा आकडा डबलमध्ये, म्हणजे सी भाषेच्या दशांश आकडे साठवण्याच्या नेहमीच्या प्रकारात, ०.१ नसतो, तो ०.१०००००००००००००००५५५१११५१२३१२५७८२७०२११८१५८३४०४५४१०१५६२५ असतो. फॉरमॅटिंग लायब्ररीचं काम हा खरा आकडा घेऊन त्याचं योग्य तेवढं रूप छापण्याचं आहे. जुन्या छोट्या लायब्ररी हे काम सोप्या मार्गाने करतात: हवे तेवढे दशांश मिळतील इतक्यांदा दहाने गुणा, अर्धा मिळवा, पूर्णांक भाग घ्या. २.६७५ घ्या. डबलमधलं त्याचं मूल्य २.६७५ पेक्षा अगदी किंचित कमी आहे, म्हणून दोन दशांशांत बरोबर उत्तर २.६७. पण शंभराने गुणलं की गुणाकारातच राउंडिंग होऊन नेमके २६७.५ मिळतात आणि उत्तर २.६८ येतं. आता सांगा, तुमच्या ग्राहकाच्या गेल्या पाच वर्षांच्या अहवालांत २.६८ छापलेलं आहे. दुरुस्त करायचं का?

माझं मत: करायचं, पण जाहीर करून, वेगळ्या रिलीजमध्ये, आणि आधीची व नंतरची उत्तरं शेजारी शेजारी छापून. मी हीच दुरुस्ती एकदा इतर वीस बदलांबरोबर एका रिलीजमध्ये टाकली होती. एका ग्राहकाकडे रोजच्या बेरजा जुन्या फाइलींशी ताडणारी स्क्रिप्ट होती, ती पहाटे अडली. फरक एका पैशाचा होता. पण तो कुठून आला हे शोधायला त्यांचे आणि आमचे मिळून चार दिवस गेले, कारण वीसपैकी कोणता बदल हे कुणालाच सांगता येईना.

मोठ्या प्लॅटफॉर्मनीही ही उलथापालथ केली आहे, त्यामुळे "सिस्टिमचं वापरू म्हणजे सगळीकडे एकच उत्तर" हा समज सोडा. ०.१२५ हा आकडा डबलमध्ये अगदी नेमका बसतो. दोन दशांशांत तो बरोबर मध्यावर येतो आणि नेहमीच्या नियमाने सम अंकाकडे जाऊन ०.१२ व्हायला हवा. विंडोजचं रनटाइम विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपर्यंत ०.१३ देत असे, त्या आवृत्तीपासून ते ०.१२ देतं. म्हणजे एकच प्रोग्रॅम दोन विंडोजवर दोन उत्तरं देऊ शकतो. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ च्या आधी घातांक तीन अंकी छापला जाई, नंतर दोन अंकी. अनंत आणि अवैध आकडे आधी १.#ने सुरू होणाऱ्या विचित्र रूपात छापले जात, नंतर सरळ आयएनएफ आणि एनएएन. तीन प्लॅटफॉर्मवर एकच फाइल तयार व्हायला हवी असेल, तर स्वतःची लायब्ररी ठेवण्यामागचं हे पक्कं कारण आहे.

पण दशांश छापण्याचा अल्गोरिदम मात्र स्वतः रचू नका. डेव्हिड गे यांचा १९९० चा कोड, फ्लोरिअन लॉइट्श यांचा २०१० चा ग्रिसू, उल्फ अ‍ॅडम्स यांचा २०१८ चा ऱ्यू, असे तपासून घासूनपुसून झालेले मार्ग आहेत. निवडताना एक फरक लक्षात ठेवा. ग्रिसू आणि मूळ ऱ्यू हे वाचून पुन्हा तोच आकडा मिळेल असं सर्वांत छोटं रूप शोधतात. तुम्हाला %.६एफसारखे ठरावीक दशांश हवे असतील तर तो वेगळा प्रश्न आहे, आणि त्यासाठी अ‍ॅडम्स यांनीच २०१९ मध्ये ऱ्यू प्रिंटएफ मांडला. कार्डावर मेमरी कमी असेल तर मसलची पद्धत अभ्यासा. ती मोठ्या आकड्यांचं सरळ गणित करते, फार वेगवान नाही, पण अचूक आहे आणि वाचून कळते. आणि तुमच्या लायब्ररीतला आतला तात्पुरता बफर किती मोठा आहे ते आजच बघा. सर्वांत मोठा डबल %एफने छापला तर दशांश चिन्हाआधीच ३०९ अंक येतात. जुन्या कोडमध्ये शंभर-दीडशे बाइटांचे बफर मी पाहिले आहेत.

लायब्ररी काढताना बहुतेकांच्या ध्यानात न येणारी दुसरी गोष्ट म्हणजे लोकेल, म्हणजे देश आणि भाषेनुसार आकडे वगैरे कसे छापायचे याची मांडणी. सिस्टिमचं फंक्शन दशांश चिन्ह लोकेलवरून ठरवतं. जर्मन लोकेलमध्ये तिथे स्वल्पविराम येतो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुणी सेटलोकेल बोलावत नसेल तर काही होत नाही, पण एखादी ग्राफिकल लायब्ररी ते आपणहून करते आणि मग जेसॉन फाइलीत ३.१४ ऐवजी ३,१४ जातं. जुनी लायब्ररी बहुधा लोकेलकडे पाहतच नाही, नेहमी टिंबच छापते. ते अज्ञानातून आलेलं असो की विचारपूर्वक, आज तो तुमचा फायदा आहे. तक्त्यात जर्मन लोकेलची एक फेरी नक्की घाला.

याच विषयाला लागून, मराठी मजकूर छापणाऱ्यांसाठी. %एसची रुंदी आणि प्रिसिजन बाइटांत मोजली जातात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. "पुणे" या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. %-१५एसने छापलंत तर पुढे तीनच रिकाम्या जागा येतात. "कोल्हापूर" सत्तावीस बाइटांचं आहे, त्याला एकही जागा मिळत नाही आणि पुढचा रकाना सरकतो. %.५एसने "पुणे" कापलंत तर पूर्ण प आणि उकाराचे दोन बाइट उरतात, म्हणजे अवैध यूटीएफ-८. पुढचा प्रोग्रॅम ती ओळच नाकारू शकतो.

इथे %एसचा अर्थ बदलण्याचा मोह होतो. मला झाला होता, एक पॅचही तयार होता. पण प्रिसिजनचा वापर लोक शून्य बाइट नसलेल्या बफरवर मर्यादा म्हणूनही करतात. तिथे अक्षरं मोजायला गेलं तर वाचन बफरच्या बाहेर जातं. शेवटी मी वेगळं मदतनीस फंक्शन दिलं. दिलेल्या बाइट मर्यादेत बसेल तिथपर्यंत जायचं, आणि कापायच्या जागचा बाइट एखाद्या चिन्हाच्या मधला निघाला तर त्या चिन्हाच्या सुरुवातीपर्यंत मागे यायचं. यूटीएफ-८मध्ये मधला बाइट ओळखणं सोपं आहे, त्याचे वरचे दोन बिट १० असतात. याने अवैध बाइट टळतात, पण "पु"चा "प" होणं टळत नाही. ते हवं असेल तर चिन्हांचे गट ओळखणारी आयसीयूसारखी लायब्ररी लागते. फॉरमॅटिंग लायब्ररीत ते ओझं घालू नये असं मला वाटतं. लाख-कोटींच्या स्वल्पविरामांचंही तसंच. सी भाषेच्या लोकेल रचनेत आधी तीन आणि मग दोन-दोन अंक असा गट सांगता येतो, आणि पॉझिक्स या युनिक्सच्या स्टँडर्डमधल्या अपॉस्ट्रॉफी फ्लॅगने १२,३४,५६७ असं छापताही येतं, पण विंडोजवर तो फ्लॅग नाही. आम्ही त्यासाठीही वेगळं फंक्शन ठेवलंय.

आता तिसरा ढीग, जास्तीची अक्षरं. जुन्या लायब्ररीत कुणीतरी हौसेने किंवा गरजेने %बी बायनरीसाठी, %आर आणखी कशासाठी असं घातलेलं असतं. स्टँडर्डमध्ये स्पष्ट लिहिलंय की लहान लिपीतली अक्षरं भविष्यातल्या भरीसाठी राखीव आहेत, इतर अक्षरं तुम्ही घ्या. ते नुसतं कागदावर नव्हतं. सी२३ या सी भाषेच्या नव्या स्टँडर्डमध्ये %बी खरोखर बायनरीसाठी आलं. बीएसडी कर्नलच्या प्रिंटएफमध्ये %बी कितीतरी आधीपासून आहे आणि त्याचा अर्थ वेगळा आहे, तो रजिस्टरमधल्या बिटांची नावं छापतो. तुमच्याकडे %बी असेल तर आजच तपासा की त्याचा अर्थ सी२३शी जुळतो का. जुळत नसेल तर नवं अक्षर द्या, जुन्याला एक-दोन रिलीज सूचना देत चालू ठेवा, मग बंद करा. एकाच अक्षराचा अर्थ थेट बदलू नका. जुना कोड नव्या अर्थाने चालतो तेव्हा काहीच तुटल्यासारखं दिसत नाही, फक्त छापलेलं चुकीचं असतं.

जास्तीच्या अक्षरांचा आणखी एक तोटा: कंपायलरची तपासणी हातची जाते. फंक्शनवर फॉरमॅट हा अ‍ॅट्रिब्यूट लावला की जीसीसी आणि क्लँग प्रत्येक कॉलमधली फॉरमॅट स्ट्रिंग आणि दिलेली मूल्यं जुळतात का ते बघतात. ही तपासणी इतकी मोलाची आहे की तिच्यासाठी मी दोन जास्तीची अक्षरं काढून टाकली. लिनक्स कर्नलने यावर छान तोडगा काढलाय. तिथे जास्तीचं सगळं %पीच्या मागे जोडलेलं असतं, %पीआय४ म्हणजे आयपी पत्ता वगैरे. कंपायलरला फक्त %पी दिसतं आणि तो पॉइंटर मागतो, त्यामुळे तपासणी चालू राहते. तुमच्या हेडरमध्ये हा अ‍ॅट्रिब्यूट नसेल तर तो आधी लावा आणि एकदा पूर्ण बिल्ड करून बघा. आमच्याकडे पहिल्याच फेरीत ६४ बिटांच्या विंडोजवरच्या चुका बाहेर आल्या. तिथे लाँग ३२ बिटांचाच असतो, लिनक्सवर ६४ बिटांचा, आणि कुणीतरी सगळीकडे %एलडी वापरलं होतं.

व्हीए_लिस्टबद्दल, म्हणजे फंक्शनला दिलेल्या कमी-जास्त मूल्यांच्या यादीबद्दल, एकच सांगते. बफर छोटा पडल्यावर तीच यादी पुन्हा वापरत असाल तर आधी व्हीए_कॉपी करा. ३२ बिटांच्या इंटेलवर आणि विंडोजवर व्हीए_लिस्ट साधा पॉइंटर असतो, त्यामुळे कॉपी न करताही चालून जातं. इंटेलच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर ती एका स्ट्रक्चरची रांग असते, पहिल्या वापरात पुढे सरकते आणि दुसऱ्या वेळी भलतीच मूल्यं वाचली जातात.

सुरक्षेच्या बाजूने दोन बदल मी न विचारता करीन. %एन काढून टाका. ते आतापर्यंत छापलेल्या अक्षरांचा आकडा मेमरीत लिहितं. २००० साली डब्ल्यूयू-एफटीपीडी या एफटीपी सर्व्हरमधल्या फॉरमॅट स्ट्रिंगच्या चुकीमुळे परक्या माणसाला याच मार्गाने सर्व्हर ताब्यात घेता आला, आणि मायक्रोसॉफ्टच्या रनटाइममध्ये ते कधीपासून मुळात बंदच असतं. दुसरं, एकूण लांबी इंटमध्ये मावेनाशी झाली तर ऋण उत्तर देऊन थांबा. रुंदी कुणीही २१४७४८३६४७ देऊ शकतं, आणि दोनदा दिली की बेरीज उलटी फिरते.

नवी लायब्ररी घेण्याबद्दल. तुमचा कोड सी++ असता तर मी व्हिक्टर झ्वेरोविच यांच्या एफएमटीकडे किंवा तिच्यातून सी++२०मध्ये आलेल्या एसटीडी फॉरमॅटकडे बोट दाखवलं असतं. तिथे प्रकार कंपायलच्या वेळीच तपासले जातात आणि लोकेल मागितल्याशिवाय मध्ये येत नाही. पण ती फॉरमॅटची भाषाच निराळी आहे आणि तुमचा कोड सी आहे. कार्डासाठी एसटीबी_स्प्रिंटएफसारखी एका फाइलीची लायब्ररी पाहण्यासारखी आहे, पण तीसुद्धा याच तक्त्यावर चालवून बघा.

चुका उघडपणे कबूल कशा करायच्या यासाठी एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीचं दस्तऐवज वाचा. त्यांच्या एसएनप्रिंटएफमध्ये पहिले दोन आर्ग्युमेंट उलट क्रमाने आहेत आणि लांबीऐवजी बफरचा पॉइंटर परत येतो. हा क्रम इतिहासातला अपघात आहे, लांबी परत करणं जास्त उपयोगाचं झालं असतं, पण बदललं तर लोकांचं तुटेल म्हणून बदलत नाही, असं त्यांनी सरळ लिहिलंय. तुमच्या हेडरमध्येही दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक ओळीसाठी असं एक वाक्य असू द्या.

तुमच्या जागी मी असते तर वरिष्ठांना असं सांगितलं असतं. दोन आठवडे द्या. पहिल्यात तक्ता आणि रिटर्न व्हॅल्यूच्या जागांची यादी. दुसऱ्यात फॉरमॅट अ‍ॅट्रिब्यूट, %एन काढणं आणि फंक्शनांना आपला प्रीफिक्स, म्हणजे सिस्टिमच्या नावाशी गल्लत होणार नाही. त्यानंतर लिनक्स आणि विंडोजवर फक्त लॉगसाठी वापरलेल्या जागा हळूहळू सिस्टिमच्या फंक्शनवर न्यायच्या. साठवल्या जाणाऱ्या मजकुरासाठी आणि कार्डासाठी लायब्ररी ठेवायची, तिचा दशांशांचा भाग बदलायचा, आणि तो बदल एकटाच एका रिलीजमध्ये द्यायचा. बिल्ड स्क्रिप्टमध्ये "एसएनप्रिंटएफ आहे का" एवढंच तपासू नका, ते कसं वागतं हे छोटा प्रोग्रॅम चालवून तपासा. कार्डासाठी क्रॉस-कंपाइल करताना, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर बिल्ड करताना, तो चालवता येत नाही, म्हणून तिथे उत्तर "नाही" धरून आपलीच लायब्ररी घ्यायची.

फाइलीच्या सुरुवातीच्या कॉमेंटमधली सालं, मजकूर मावला नाही की ती काय परत करते, आणि कार्डावर %एफ वापरता का, एवढं कळवलंत तर कार्डाबद्दल मला याहून नेमकं सांगता येईल.